तेरा तेजीचे अकरा दिवस



गेल्या महिन्यातली गोष्ट. मधली सुट्टी झाली होती आणि आठवीच्या मुली व्हरांड्यात डबे उघडून बसल्या होत्या. त्यांतली एक जण बाकीच्यांचे हात पाहत होती. मोबाइलवरच्या कुठल्याशा व्हिडिओतून ही विद्या तिनं शिकून घेतली होती. कुणाला परदेश सांगितला, कुणाला सरकारी नोकरी, एकीला तर दोन सासवा. हसणं-खिदळणं चाललं होतं. मीही हसले आणि पुढे गेले.

सुट्टी संपल्यावर वर्गात पाहते तर मागच्या बाकावरची एक मुलगी उजव्या हाताची मूठ आवळून बसलेली. लिहायला सांगितलं तरी मूठ उघडेना. डबाही भरलेलाच. जवळ जाऊन विचारलं तेव्हा हळूच म्हणाली, “टीचर, मेरी उम्र की लकीर बीच में टूटी हुई है.”

तेरा वर्षांची पोर. मी तिला रागावले नाही आणि हसलेही नाही. दुसऱ्या दिवशी मराठीचा तास बाजूला ठेवला आणि सगळ्यांना कोरा कागद काढायला सांगितला. प्रत्येकीनं डावा-उजवा हात कागदावर ठेवून पेन्सिलीनं आकार काढायचा आणि तळहातावर दिसतात तशा रेषा त्यात भरायच्या. मग म्हटलं, आता अंगठा हळूहळू आत वळवा, घडी कुठे पडते ते पाहा. घडी बरोबर त्या ‘उम्र की लकीर’वर पडली. चार बोटं मिटा म्हटलं, तर घडी वरच्या रेषेवर पडली. हात मिटावा, वस्तू धरता यावी, म्हणून कातडीला पडलेल्या या घड्या. आईच्या पोटात तिसरा-चौथा महिना लागेपर्यंत त्या तयार झालेल्या असतात. शर्टाच्या बाहीला कोपरापाशी घडी पडते, तिच्यावरून तो शर्ट किती वर्षं टिकेल हे कुणी सांगतं का?

मग कागद एकमेकींना दाखवायला लावले. एकतीस मुलींपैकी नऊ जणींची ती रेषा एका ना एका हातावर मध्येच तुटलेली निघाली. हात पाहणाऱ्या बाईसाहेबांच्या डाव्या हातावरचीसुद्धा. वर्गात हशा पिकला आणि मागच्या बाकावरची मूठ उघडली.

मुलींना मी आणखी एक गोष्ट सांगितली. हातावरच्या रेषांमधून खरोखर काही वाचायचं असेल तर बोटांच्या टोकांवरच्या बारीक रेषा वाचाव्यात. कोलकात्यात १८९७ मध्ये बोटांच्या ठशांची कचेरी सुरू झाली, जगातल्या अगदी सुरुवातीच्या कचेऱ्यांपैकी एक. लाखो ठशांमधून नेमका हवा तो ठसा चटकन सापडावा यासाठी त्यांची वर्गवारी कशी करायची, हे गणित तिथे ज्यांनी बसवलं त्यांत काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन हिंदुस्थानी होते. पद्धतीला नाव मात्र त्यांच्या साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं लागलं. आज रेशनच्या दुकानात आपण अंगठा लावतो तो याच रेषांच्या भरवशावर. या रेषा तुम्ही कोण आहात ते सांगतात. तुमचं काय होणार, हे त्याही सांगत नाहीत.

तास संपला. दप्तर भरता भरता त्याच मुलीनं विचारलं, “टीचर, आप को कभी ऐसा डर नै लगा?”

मी “चल, घंटा झाली” म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर मोठं होतं आणि लाजिरवाणं होतं. ते आज इथे लिहिते, कारण हा अंक तुमच्या घरी येईल तेव्हा सफरचा चांद अगदी जवळ आलेला असेल.

आमच्या मराठवाड्यातली जुनी माणसं सफरला ‘तेरा तेजी का महिना’ म्हणतात. पहिले तेरा दिवस ‘भारी’. या दिवसांत लग्न नको, नवं दुकान नको, प्रवास नको. तेराव्या रात्री अंडी, तेल, धान्य आणि थोडे पैसे उशाशी ठेवायचे आणि सकाळी सदका म्हणून देऊन टाकायचे, म्हणजे बला टळली. ही समजूत आजची नाही. दख्खनच्या मुसलमानांच्या चालीरीतींवर जाफर शरीफ यांनी लिहिलेलं ‘कानून-ए-इस्लाम’ १८३२ मध्ये इंग्रजीत छापून आलं, त्यातही तेरा तेजीवर मजकूर आहे. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं आपण हे तेरा दिवस भीत भीत मोजत आलो आहोत.

माझे अब्बा टेलर होते. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान होतं. पायमशीन, कापायचा लाकडी टेबल, गळ्यात टेप, कानावर खडूचा तुकडा. कापडावर खडूनं रेघ ओढताना ते श्वास रोखून धरत. म्हणत, “खडूची रेघ झटकली की जाते बेटा, कात्री चालली की संपलं. म्हणून रेघेच्या बाहेर माया सोडायची.” शिवणीच्या बाहेर राखून ठेवलेल्या कापडाला माया म्हणतात, हे मी मराठीच्या पुस्तकाआधी अब्बांच्या टेबलावर शिकले.

अब्बांना साखरेचा आजार होता. एका वर्षी त्यांच्या डाव्या पायाला जखम झाली. पायात संवेदना कमी झालेली, त्यामुळे ती त्यांना कळलीच नाही. आम्ही पाहिलं तोवर अंगठ्याशेजारचं बोट काळं पडत चाललं होतं. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि स्पष्ट सांगितलं की दोन-तीन दिवसांत हे बोट काढावं लागेल, उशीर करू नका.

सफरचा चांद दिसून दोनच दिवस झाले होते.

संध्याकाळी घरात सगळे जमले. मोठी फुफी म्हणाली, “तेरा तेजी होने दो, फिर काटो. इत्ते दिनां में चाकू नक्को लगाओ.” काका म्हणाले, अकरा दिवसांचा तर प्रश्न आहे, तोवर मलमपट्टी करू. अम्मी कुणाच्याच तोंडाकडे न पाहता दस्तरखान झटकत राहिली. अब्बा म्हणाले, “जैसा तुम लोगां बोलो.”

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. बी.एड. होऊन तीन वर्षं झाली होती. सफरमध्ये अपशकुन असं काही नसतं, ही हदीस मला अरबी मजकुरासह पाठ होती. शाळेत मुलांना शिकवलीही होती. त्या संध्याकाळी मी ती म्हटली नाही.

मोठ्यांपुढे कसं बोलायचं म्हणून गप्प बसले, असं मी बरीच वर्षं सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. बाकीचं अर्धं असं की मलाही भीती वाटली. ऑपरेशन करा असा हट्ट मी धरला आणि टेबलावर अब्बांना काही झालं, तर सगळं खानदान आयुष्यभर म्हणेल की हिनं तेरा तेजीत चाकू लावायला लावला. तेरा दिवसांवर माझा विश्वास नव्हता. दोष अंगावर येईल याची मात्र धास्ती होती. पुढे मला कळलं की अंधश्रद्धेला आपल्या विश्वासाची फारशी गरजच नसते. आपण दोषाला भ्यायलो तरी तिचं काम भागतं.

तेराव्या रात्री फुफीनं अंडी-तेल उशाशी ठेवलं. सकाळी सदका दिला. चौदाव्या दिवशी आम्ही अब्बांना घेऊन गेलो. पू घोट्याच्या वर चढला होता. ताप होता. बोटाचा विषयच राहिला नाही. गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

मी डॉक्टरांना विचारलं, त्याच दिवशी आलो असतो तर? ते सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, खात्रीनं नाही सांगता येणार, पण कदाचित एका बोटावर निभावलं असतं. तो ‘कदाचित’ शब्द मी एकोणीस वर्षं सांभाळून आहे.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, “तकदीर में लिखा था.” कुणाचाही दोष नाही, कारण लिहिलेलं होतं. मला त्या वाक्याचा आधी आधार वाटला आणि मग हळूहळू राग येऊ लागला. ज्या तकदीरवर आम्ही पाय गेल्यानंतर इतका भरवसा ठेवला, तिच्यावर बोट जाण्याआधी का नाही ठेवला? तेव्हा तर आम्ही तारखांना भीत होतो.

हजरत उमर (रजि.) यांची हकीकत पुष्कळांना माहीत असेल. ते शामच्या वाटेवर होते. सर्ग नावाच्या ठिकाणी कळलं की पुढे प्लेगची साथ आहे. सल्लामसलत करून त्यांनी परत फिरायचं ठरवलं. तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारलं, अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? हजरत उमर यांच्या उत्तराचा आशय असा होता की आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे चाललो आहोत. खोऱ्याची एक बाजू हिरवी आणि एक उजाड असली, तर उंट हिरव्या बाजूला चारणं हेही अल्लाहच्या तकदीरप्रमाणेच असतं.

हे उत्तर मी त्या संध्याकाळी दिलं असतं तर? डॉक्टर तकदीरमध्येच होते, त्यांची सुरीही तकदीरमध्येच होती. अकरा दिवस थांबणं हा आम्ही निवडलेला उजाड उतार होता.

आता सफरबद्दल थोडं. तेरा दिवस भारी का, असं विचारलं तर सांगतात की प्रेषित (स.) यांचा अखेरचा आजार तेरा दिवस चालला. पण सीरतच्या पुस्तकांप्रमाणे तो आजार सफरच्या शेवटच्या दिवसांत सुरू झाला आणि पुढे रबीउल अव्वलमध्ये गेला. पहिल्या तेरा दिवसांशी त्याचा मेळ बसत नाही. उलट, हिजरतीसाठी प्रेषित (स.) मक्केतून निघाले तेच सफरच्या अखेरीस, असं सीरतची अनेक पुस्तकं सांगतात. आपण वर्षं मोजतो ती ज्या प्रवासापासून, त्याचं पहिलं पाऊलच या महिन्यात पडलं, आणि आपण या महिन्यात औरंगाबादला जायला भितो!

तो प्रवास कसा झाला तेही पाहावं. त्या काळचे अरब घराबाहेर पडताना पक्षी उडवून पाहत. उजवीकडे गेला तर निघायचं, डावीकडे गेला तर परत घरात. प्रेषित (स.) यांनी पक्षी पाहिला नाही. उंटिणी आधीपासून तयार होत्या, सौर गुहेत तीन रात्री काढल्या, आणि वाट दाखवायला अब्दुल्लाह बिन उरैकित याला नेमलं. तो मुसलमान नव्हता, पण त्याला रस्ते माहीत होते. भरवसा अल्लाहवर, आणि कामाला जाणकार माणूस. आमच्याकडे जाणकार माणूस होता. आम्ही त्याला अकरा दिवस थांबायला सांगितलं.

लग्नांचंही तेच. तेव्हाचे लोक शव्वालमधलं लग्न अशुभ मानत. हजरत आयशा (रजि.) ठणकावून सांगत की माझं लग्न शव्वालमध्येच झालं, आणि प्रेषितांना माझ्याहून प्रिय कोण होतं? आपल्या घराण्यातल्या मुलींची पाठवणी शव्वालमध्ये व्हावी असं त्यांना आवडायचं. एका बाईनं अंधश्रद्धेला दिलेलं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. वाद घातला नाही, आपला संसार दाखवला.

आणि साधा हिशेब करा. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. त्यामुळे सफर दरवर्षी मागे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. कधी तो पेरणीत येतो, कधी परीक्षेत, कधी ऐन थंडीत. त्या भारी तेरा दिवसांनी आजवर कॅलेंडरचा एकही दिवस सोडलेला नाही. मग हलका दिवस उरला कोणता?

हे सगळं लिहिताना मला फुफीचा राग येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. पुष्कळ वर्षांनी अम्मीनं मला सांगितलं की फुफीचा पहिला मुलगा आणि नंतर तिचा नवरा, दोघंही सफरमध्ये गेले होते. वर्षं वेगळी, महिना तोच. तिला मूर्ख म्हणायला माझी जीभ धजत नाही. दुःख झालं की माणूस कारण शोधतो. जमिनीवर सापडलं नाही तर आभाळात शोधतो, कॅलेंडरात शोधतो.

म्हणून हजरत इब्राहीम यांच्या मृत्यूचा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचते. प्रेषित (स.) यांचा दीडेक वर्षाचा मुलगा गेला. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. लोक म्हणू लागले की प्रेषितांच्या मुलासाठी सूर्य काळवंडला. दुःखात बुडालेल्या बापाला असं ऐकून किती बरं वाटलं असतं! कुणी गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. पण प्रेषित (स.) यांनी लोकांना समजावलं की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरण्या-जगण्यानं त्यांना ग्रहण लागत नाही. मुलासाठी डोळ्यांतून पाणी वाहू दिलं, पण त्या पाण्यात खोटी समजूत मिसळू दिली नाही. फुफीला त्या संध्याकाळी हदीस ऐकवण्याआधी तिच्याजवळ बसून तिच्या मुलाबद्दल कुणी विचारायला हवं होतं. तेही आम्ही केलं नाही.

अब्बा नंतर नऊ वर्षं जगले. एका पायानं पायडल मारता येईना, तेव्हा मशीनला मोटर बसवून घेतली. मोटरचा वेग त्यांच्या हाताला नवा होता. पहिल्या महिन्यात दोन कुर्ते वाकडे शिवले गेले तर स्वतःच्या पैशानं कापड आणून परत शिवून दिले. माझ्याकडे किंवा फुफीकडे बोट दाखवून ते कधी एक शब्द बोलले नाहीत. ते गेले रमजानच्या विसाव्या रोजाला, सगळ्या महिन्यांत बरकतीच्या महिन्यात. टेबलावर ईदचे कपडे होते, काहींवर नुसत्या खडूच्या रेघा ओढलेल्या.

त्या रेघा पाहून मला बुखारीतली एक हदीस आठवली होती, आणि परवा वर्गात मी तीच फळ्यावर काढून दाखवली. प्रेषित (स.) यांनी एकदा एक चौकोन आखला. त्याच्या मधून एक रेषा काढली, ती चौकोनाबाहेर लांब गेली. मग त्या मधल्या रेषेला लहान लहान रेषा जोडल्या. समजावून सांगितलं की मधला आहे तो माणूस. चौकोन म्हणजे त्याची मुदत, चारही बाजूंनी घेरलेली. बाहेर गेलेली रेषा म्हणजे त्याच्या आशा. आणि लहान रेषा म्हणजे संकटं, एक चुकलं तर दुसरं गाठतंच.

मूठ आवळणारी ती मुलगी बराच वेळ फळ्याकडे पाहत होती. मग म्हणाली, “टीचर, चौकोन किती मोठा आहे ते त्याला दिसत नाही ना?” नाही दिसत, मी म्हटलं. हातावर नाही, कॅलेंडरवर नाही, कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून तर आजचा दिवस वापरायचा.

काळाला बरं-वाईट म्हणू नका, रात्र आणि दिवस फिरवणारा अल्लाह आहे, अशी शिकवण आपल्याला दिलेली आहे. सूरह अस्रमध्ये तर अल्लाहनं काळाचीच शपथ घेतली आहे. एका बुजुर्गांना या सूरहचा अर्थ बाजारात बर्फ विकणाऱ्यानं शिकवला, असा किस्सा तफसीर सांगताना देतात. ज्याचं भांडवल वितळत चाललंय त्याच्यावर दया करा, असं तो ओरडत होता. वेळ अशुभ नसते. ती फक्त वितळते. आमचे अकरा दिवस असेच उशाशी ठेवलेल्या अंड्या-तेलाजवळ वितळून गेले.

म्हणून या सफरमध्ये आपल्या घरात एकदा पाहा. कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ‘तेजी के बाद’ म्हणून पुढे ढकललंय का? बाळाची लस राहिलीय का? मुलीच्या प्रवेशाची तारीख निघून चाललीय का? सदका जरूर द्या. तो कोणत्याही दिवशी द्यावा, गरजवंताला भूक तेराव्या दिवशीच लागत नाही. पण सदका देऊन त्याच दिवशी दवाखान्यातही जा. आणि घरात कुणी घाबरलेलं असेल तर त्याला हसू नका, जवळ बसा, विचारा, आणि मग जे खरं आहे ते बोला. मोठ्यांपुढे बोला, अदबीनं बोला, पण त्याच संध्याकाळी बोला.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मी सोमवारी वर्गात देणार आहे. हो, मलाही भीती वाटली होती, असं सांगणार आहे.

वस्सलाम.